न वाकणारा जोड

फोर्टातल्या दुकानात काचेआड इटालियन बूट होते,
किंमत माझा दीड पगार.
घालून पाहिले. करंगळी रडली.
"सैल होतील मॅडम, हळूहळू."
असली आश्वासनं मी आधीही ऐकलीत.
खोकं बंद केलं.

आमच्या घराण्याचा पंजाच रुंद,
देवगडच्या कातळावर अनवाणी पसरलेला.
परक्या साच्यात तो मावायचा कसा.

म्हणून ठक्करबाप्पा कॉलनी, तिसरी गल्ली,
डोक्यात जाणारा सोल्यूशनचा वास
आणि आगवणे मिस्त्री, जन्मभर लग्नाच्या मोजड्या शिवलेले.
"संध्याकाळी या. सकाळचा पाय खोटं बोलतो."
दिवसभर काउंटरवर सुजलेले पाय घेऊन गेले,
दोन-दोन मोजे चढवून वर्तमानपत्रावर उभी राहिले.
त्यांनी पेन्सिल फिरवली.
शेअर बाजाराच्या आकड्यांवर माझे दोन पाय उमटले,
डावा जरा मोठा.

तळव्यात पोलादी पट्टी घाला, मी म्हटलं,
वाकता कामा नये.
ते थांबले.
"चाळीस वर्षं गिऱ्हाईक म्हणतं, वाकवून दाखवा."
मी हवेत हातानेच कडा उभी केली:
बुटाचं नुसतं टोक आत,
बाकी पाय बाहेर, खाली काही नाही.
माझ्या हाताखालच्या त्या 'काही नाही'कडे
ते बराच वेळ बघत राहिले.
"म्हणजे फळी. चामड्यात गुंडाळलेली."
हो.
"आणि टाच?"
टाच आत जागची हलायची नाही.
बोटांना मात्र पुढे थोडी हवा,
उतरताना नखं जातात.

दीड महिना लागला.
म्हशीचं जाड कातडं, एकसंध, शिवण फक्त मागे.
घातला तेव्हा वाटलं, दोन पाट बांधून उभी आहे.

मग टिळकनगरच्या इमारतीचे बारा मजले,
रोज रात्री, पाठीवर दहा लिटर पाणी.
चौथ्या मजल्यावरच्या कोटियन आजींनी लेखी तक्रार दिली:
जिन्यात कुणीतरी घोडा चढवतं.
टाचेला फोड, फोडावर पट्टी, पट्टीखाली पुन्हा फोड.
रविवारी हेअर ड्रायरची ऊब देऊन मेण चोळायचं,
शिवणीत जास्त, जिभेच्या घडीत बोट घालून.
कातडं हट्टी, मीही.
महिन्याभराने घोट्यापाशी दोघींनी
एकेक सुरकुती मान्य केली.
तळवा तसाच.

मिस्त्रींना मात्र झोप नव्हती.
"बर्फात चालेल कशावरून?
मी तो सरबतातच पाहिलाय."
म्हणून पहाटे पाचला ससून डॉक,
भुशातून काढलेल्या लाद्या, एक उभी करून घेतली
वीस रुपये देऊन.
गुडघ्यातून पाय झोकला. टोक घसरलं.
पुन्हा.
बोंबलाच्या पाट्यांमागून एक मावशी ओरडली,
"काय गो, बरफानं तुजं काय खाल्लंय?"
हसण्याची लाट आली, गेली.
तिसऱ्या लाथेला टोक बसलं
आणि मी त्या एका टोकावर उभी राहिले,
डॉकच्या ओल्या फरशीपासून वीतभर उंच,
टाच आडवी, स्थिर.

मिस्त्री उकिडवे बसले.
भोकात बोट घातलं, नखापाशी अंगठा धरून मोजलं.
"दीड इंच."
मग स्वतःच्या चपलेने एक लाथ हाणली
आणि अंगठा धरून हसत सुटले.

जूनमध्ये, बर्फाच्या तिसऱ्या रात्री,
गोठू नयेत म्हणून बूट झोपायच्या पिशवीत घेतले.
अंगाची ऊब लागली, कातडं सैलावलं
आणि तंबूभर ओला बोंबील.
शेजारची कुलूची पोरगी उठून बसली,
"क्या मरा है यहाँ?"
काही नाही गं, झोप.

अडीच वाजता नाडी बांधली,
पंजावर सैल, घोट्याला दुहेरी गाठ.
बाहेर काळोख, दिव्याएवढी भिंत.
पहिली लाथ.
दीड इंच.